डग्गा पाठवून द्यावा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा डग्गा आहे. तबल्याची जोडी तुम्ही पाहिलीच असेल. वादकाच्या उजव्या हाताला असतो तो लाकडी तबला आणि डाव्या हाताला असतो तो गोल पोटाचा डग्गा. लोक नेहमी ‘अमका तबला छान वाजवतो’ असंच म्हणतात. ‘डग्गा छान वाजवतो’ असं कोणी म्हणत नाही. पण गाणाऱ्याच्या स्वराप्रमाणे तबले बदलावे लागतात, डग्गा तोच चालतो. माझ्या शेजारी पाच तबले आले आणि गेले, मी जागचा हललो नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडी ऐट दिसली तर रागावू नका.

माझा जन्म बहात्तर सालच्या दुष्काळातला. त्याआधी मी पाण्याचा हंडा होतो. अहमदपूरजवळच्या एका खेड्यात मल्लम्मा नावाची बाई राहत असे. तिचे यजमान लवकर लिंगैक्य झालेले, म्हणजे वारलेले. घरात ती आणि तिचा सतरा वर्षांचा मुलगा बसवंत अशी दोघंच. त्या वर्षी गावच्या विहिरीने तळ दाखवला आणि पाण्याला दोन कोसांवर जावं लागू लागलं. माझ्यासारखा जाडजूड हंडा डोक्यावर घेऊन एवढं चालणार कोण? मल्लम्मा लहान घागर नेऊ लागली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

बसवंताला वाजवण्याचा भारी नाद होता. दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजन व्हायचं आणि साथीला तो बसायचा. भजनी मंडळाचा डग्गा मातीचा होता. त्या उन्हाळ्यात तो कोणाच्या तरी हातून पडला आणि त्याच्या खापऱ्या झाल्या. बसवंत दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मल्लम्माने मला उचललं आणि त्याच्यापुढे आदळलं.

“ने ह्याला तांबटाकडं,” ती म्हणाली.

“मोडीत घालायचा का, अव्वा?”

“मोडीत कामून? पाणी यील तवा यील. तवर हा रिकामा हंडा बगून माजा जीव जळून राहिलाय. तुजा डग्गा करून घे.”

अहमदपूरच्या तांबटाने मला पाच दिवस ठोकलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही, पण गळा कापून, पोट आवळून त्याने मला नवा आकार दिला. मग माझ्या तोंडावर चामड्याची पुडी चढली, तिच्यावर काळी शाई घोटली गेली आणि कडेने चामडी पट्ट्यांच्या वाद्या ओढल्या गेल्या. बसवंताने पहिली थाप मारली तेव्हा माझ्या पोटातून जो आवाज निघाला, तो ऐकून मीच चकित झालो. इतकी वर्षं पाणी पोटात घेऊन मी गप्प बसलो होतो, आणि आपल्याला आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी बसवंत दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचा. बोटं सोलपटून निघायची. तरी सोमवार चुकला नाही. त्याच्या तळव्याचे घट्टे माझ्या पुडीला टोचायचे, पण मी कधी कुरकुर केली नाही. माणसं दिवसभर दगड फोडून यायची, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खायची आणि देवळात येऊन तासभर सगळं विसरायची. त्यांना विसरायला लावण्यात माझाही वाटा होता.

पुढच्या साली मल्लम्माने गाव सोडून लातूर गाठलं आणि गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, बाजूला एका बोळात खानावळ घातली. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. आडतीवरचे हमाल, मुनीम आणि कॉलेजची मुलं तिथे जेवायला येत. बसवंत वाढायला असे. संध्याकाळी मात्र तो मला काखोटीला मारून भजनाला निघे, आणि बघता बघता लातुरात त्याचं नाव झालं. ‘बसवंताचा हात पळायला लागला की देवळाचे खांब डोलतात,’ असं लोक म्हणत. भजनाची रीतच तशी आहे, मित्रांनो. सुरुवातीला संथ, मग जरा चढतं, आणि शेवटच्या कडव्याला असा वेग की टाळकऱ्यांना घाम फुटावा. जो हात जास्त पळवतो, त्याची वाहवा जास्त. दहा वर्षं आम्ही वाहवा खाल्ली आणि दोघंही फुगलो. मी तर मुळातच गोल आहे.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. रातोरात गाव मोठं झालं म्हणा ना! नवी कचेरी, नवे साहेब, नवे कारकून. मल्लम्माच्या खानावळीत दुपारी पाट कमी पडू लागले. रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन आणि प्रत्येक उद्घाटनाला गाणं. तिथे गाणाऱ्या जगदेवीबाईंची आणि बसवंताची ओळख झाली. बाई शाळेत शिकवायच्या, पेटीवर स्वतःच सूर धरून भजनं म्हणायच्या. त्यांचा आवाज ऐकून नांदेडला भजनांच्या कॅसेटी भरणाऱ्या अमृतरावांनी त्यांना गायला बोलावलं. बाई म्हणाल्या, “साथीला बसवंतरावच पायजेत.”

बसवंताच्या आनंदाला पारावार उरला नाही. देवळात वाजवणारे शंभर असतात, पण कॅसेटवर वाजवायला ज्याला बोलावतात तो खरा कामाचा वादक, असं त्याचं मत होतं. पुन्हा पुन्हा बोलावणं यावं, वाजवण्यावरच आपलं सगळं आयुष्य उभं राहावं, ही त्याची एकच इच्छा होती. एसटीत त्याने मला नांदेडपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

अमृतरावांची खोली म्हणजे गोदावरीकडच्या एका गल्लीतलं जुनं घर. भिंतींना गाद्या टांगलेल्या, खिडक्यांना गोणपाट, आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. एका बाजूला मोठमोठ्या चाकांचं टेप यंत्र. अमृतराव हडकुळे, चष्मा कपाळावर. त्यांनी हात वर केला आणि गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं छान गेलं, दुसरंही बरं गेलं. तिसऱ्या कडव्याला बाईंचा आवाज चढला आणि बसवंताचा हात सवयीने पळत सुटला. मला वाटलं, आता वाहवा मिळणार. अमृतरावांनी यंत्र बंद केलं.

“बसवंतराव, तुमची गाडी सुटून राहिली का?” त्यांनी विचारलं. “गाणं जसं उचललं तसंच खाली ठेवायचं. पळवायचं न्हाई.”

पुन्हा घेतलं, पुन्हा हात पळाला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आठव्यांदा! बसवंताला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. दहा वर्षं ज्याच्यासाठी शाबासकी मिळाली, तेच इथे खोट ठरलं होतं. बाईंचा घसा बसत चालला. शेवटी अमृतरावांनी निरोप धाडला आणि मन्मथ नावाच्या वादकाला बोलावून घेतलं. मन्मथ आला, खोलीतला तबला घेऊन बसला. तिथला डग्गा त्याने वाजवून पाहिला. तो अगदी पत्र्याच्या डब्यासारखा बोलत होता.

“हा तांब्याचा कुणाचा हाय?” त्याने विचारलं. “लई गोड बोलतो.”

अमृतराव बसवंताकडे न बघता म्हणाले, “डग्गा राहू द्या तुमचा. तुमी जरा भायेर बसा.”

मित्रांनो, त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं तेवढं कधीच झालं नव्हतं, आणि मला ते नको होतं. बसवंत बाहेरच्या पायरीवर बसला होता. परक्या हाताखाली त्याचाच डग्गा वाजतोय, हे त्याला गोणपाटातून ऐकू येत होतं. मी मुद्दाम वाईट बोलावं असंही मनात आलं. पण डग्ग्याला तेवढी मुभा नसते.

घरी आल्यावर त्याने मला माळ्यावर टाकलं. आठ महिने मी तिथे होतो. एका बाजूला चुलीची लाकडं, दुसऱ्या बाजूला ज्वारीची पोती. पुडीवर काजळी बसली, एक वादी उंदराने कुरतडली. खाली बसवंत मुकाट्याने वाढत असे आणि भजनाला कोणी बोलावलं तर ‘अंग दुखतंय’ म्हणत असे. मला त्याचा राग आला नाही, पण त्याची फार आठवण यायची.

एका दुपारी खानावळीत झुंबड उडाली होती. कोणत्या तरी कचेरीची परीक्षा होती आणि बाहेरगावची मुलं भुकेने ओरडत होती. बसवंत स्वयंपाकघराच्या दारात ताट धरून उभा, आणि मल्लम्मा परातीत भाकरी थापत होती. थप थप थप थप. माळ्यावरून मलाही ऐकू येत होतं. चाळीस माणसं ओरडत होती, तरी ती थाप कणभर पुढे सरकत नव्हती. पहिली भाकरी ज्या चालीने थापली, साठावीही त्याच चालीने.

“अव्वा,” बसवंताने विचारलं, “एवढी घाई असून तुजा हात कसा पळत न्हाई?”

“पळला की भाकर फाटती,” मल्लम्मा मान वर न करता म्हणाली. “लोकायला भूक लागली म्हणून भाकरीनं पळावं का?”

बसवंत ताट हातात घेऊन तसाच उभा राहिला. आमटी मागणाऱ्याला त्याने चटणी वाढली. गर्दी ओसरल्यावर शिडी लावून तो माळ्यावर आला, मला खाली उतरवलं, पंच्याने पुसलं आणि नवी वादी घातली. दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. चामड्याचं वाद्य स्वयंपाकघरात न्यायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून तो उंबऱ्याच्या बाहेर बसे. आत मल्लम्मा भाकरी थापायला लागली की बाहेर तो एकच साधा ठेका धरे आणि शेवटची भाकरी तव्यावर पडेपर्यंत सोडत नसे. हात पळाला की आतून आवाज येई, “फाटली!”

मित्रांनो, मला किती कंटाळा आला म्हणून सांगू! रोज दोन तास तेच तेच बोल. ना चढणं, ना पळणं, ना वाहवा. जेवणारे थट्टा करत, “बसवंता, तुजी कॅसेट अडकली का रं?” बसवंत हसायचा आणि ठेका धरून राहायचा. वर्ष होत आलं तेव्हा आतून ‘फाटली’ येणं बंद झालं होतं. पण नांदेडला ही गोष्ट कोण सांगणार? स्वतःहून जायचं त्याला धैर्य होत नव्हतं.

आणि एप्रिलमध्ये अमृतरावांचं कार्ड आलं. जगदेवीबाईंची दुसरी कॅसेट भरायची होती. बसवंताने मल्लम्माला ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. ‘येत्या रविवारी रेकॉर्डिंग आहे. आपला तांब्याचा डग्गा एक दिवसासाठी पाठवून द्यावा. वाजवणारा इथे आहे.’

बसवंत कार्ड घडी करू लागला. मल्लम्मा भडकली.

“डग्गा काय एकलाच एस्टीत बसून जाणार हाय? तू घिऊन जा.”

“मला बोलावलंच न्हाई, अव्वा.”

“न्हाई बोलावलं तर न्हाई. माजा हंडा हाय. त्याच्यासंगं माजं माणूस जातंय म्हणून सांग.”

रविवारी सकाळी बसवंताने मला मन्मथच्या हाती दिलं. त्या वेळी त्याचा हात क्षणभर माझ्यावर रेंगाळला. मग तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. शेवटचं गाणं निम्मं झालं आणि वीज गेली. यंत्राची चाकं फिरायची थांबली.

एक वाजला, दोन वाजले. मन्मथचा बिलोलीला संध्याकाळी कार्यक्रम होता. तीनची गाडी गाठायला तो हळहळत निघून गेला. बाईंना दुसऱ्या दिवशी शाळा होती, त्यांची साडेपाचची एसटी होती आणि घसाही थकला होता. उन्हाने खोली तापली होती. अशा उष्म्यात माझं चामडं ताणलं जातं आणि आवाज बारीक होतो. बसवंताने कोणाला न विचारता पंचा ओला केला, माझ्या तांब्याच्या पोटाला गुंडाळला आणि मला सावलीत सरकवलं. सगळं गाणं निम्म्यावर लटकलं होतं आणि तो माणूस माझी काळजी करत होता.

चार वाजता वीज आली. अमृतराव कपाळाला हात लावून बसले.

“गाणं पुन्ना पयल्यापासून घ्यावं तर बाईचा घसा न्हाई, आन् पुढून घ्यावं तर मन्मथ न्हाई.”

बसवंत उठला. “पुढून घ्या,” तो म्हणाला. “मन्मथची शेवटची ओळ एकदा ऐकवा. त्याच चालीवर मी वाजवतो.”

अमृतरावांनी बाईंकडे पाहिलं. आठ वेळा पळालेला हात दोघांच्याही ध्यानात होता. बाई म्हणाल्या, “वाजवू द्या. मी दोन कडवी म्हणू शकते, त्याच्याहून जास्त न्हाई.” म्हणजे संधी एकच. चुकली असती तर कॅसेट अर्धवट राहिली असती आणि बसवंताला नांदेडात पुन्हा कोणी उभं केलं नसतं.

शेवटची ओळ ऐकली. चाकं फिरली. बसवंताचा तळवा माझ्यावर आला. तो ओला झाला होता, पण जड नव्हता. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्याला बाईंचा आवाज चढू लागला, आणि मित्रांनो, माझ्याच अंगात जुनी खुमखुमी उठली. इथेच तर देवळाचे खांब डोलायचे! त्याच्या मनगटातली शीर मला जाणवली. हात पळाला असता तर मीही आनंदाने पळालो असतो. पण त्याने डोळे मिटले, आणि भाकरीमागून भाकरी पडावी तसे बोल पडत राहिले, एकासारखा एक. बाईंनी शेवटचा सूर धरला, लांबवला, खाली ठेवला. आम्हीही ठेवला.

अमृतरावांनी यंत्र थांबवलं. त्यांनी ब्लेडने टेप कापली, वीज जायच्या आधीचा तुकडा आणि नंतरचा तुकडा चिकटपट्टीने जोडला आणि गाणं लावलं. मग दुसऱ्यांदा लावलं. चष्मा डोळ्यांवर आणून तिसऱ्यांदा लावलं.

“बाई, सांधा कुठं हाय? मीच जोडला, आन् मलाच घावून न्हाई राहिला.”

“मला तर सगळं मन्मथच वाजवून राहिला असं वाटतंय,” बाई म्हणाल्या. मग बसवंताकडे वळून हळूच म्हणाल्या, “मागल्या टायमाला तुमी पायरीवर बसलात ना, त्ये मला लई लागलं होतं.”

मी आतून धुमसत होतो. एवढं वाजवलं आम्ही आणि नाव मन्मथचं! पण बसवंताच्या तोंडावर असं समाधान होतं की मी गप्प झालो. कोणाला सांधा दिसू नये, हेच तर त्याचं काम होतं. ते त्याला माझ्या आधी कळलं.

तीन आठवड्यांनी खानावळीत दुसरं कार्ड आलं. मल्लम्माने पिठाचे हात पदराला पुसले आणि समोर येऊन उभी राहिली. बसवंताने वाचलं: ‘सोमवारी रेकॉर्डिंग आहे. बसवंतरावांनी यावे. डग्गा सोबत आणावा.’ त्याने ते पुन्हा वाचलं. मल्लम्मा म्हणाली, “आणिक एक डाव वाच.” त्याने वाचलं, आणि मायलेक दोघंही रडले.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही नांदेड-लातूर करत राहिलो. किती कॅसेटी भरल्या ते मोजलं नाही. एकीवरही बसवंताचं नाव छापलं गेलं नाही, पण कार्डं येत राहिली आणि त्यांवर त्याचं नाव असे. आता तो थकला आहे, मीही थकलो आहे. तो रोज मला पुसतो, थोडा वेळ वाजवतो आणि कापडाखाली झाकून ठेवतो. आमचं बरं चाललं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य माळ्यावर पडलं असेल तर त्याला खाली उतरवा. उन्हापासून आणि उंदरांपासून जपा, कधीमधी त्याच्यावर हात टाका. आम्हाला त्याहून जास्त काही लागत नाही. पण कधी कोणाला बोलावणं धाडाल, तेव्हा आधी माणसाचं नाव लिहा. आमचं दुसऱ्या ओळीत चालतं.